सायकलची मूठ

अक्का, प्रकाश, आणि बॉयलर हाउसमधल्या माझ्या भावांनो,

पाळी सुटल्यावर घरी न जाता सगळे इथं आलात. मला धड बोलता येईल की नाही, ठाऊक नाही. पण आज गप्प बसलो, तर मग कधीच बोलणार नाही.

नाना गेले. आपल्या तेल कारखान्याची कंट्रोल रूम म्हणजे नाना. पिंप्राळ्याहून सायकलवर यायचे. पाळी संपली की पुढच्या माणसाला पॅनलसमोर उभं करायचे आणि म्हणायचे, "डोया मिच. आते पानीना दांडा धर." चुकला की, "परत!" हाताला दांडा सापडल्याशिवाय नाना खुर्ची सोडायचे नाहीत. इथल्या किती जणांनी डोळे मिटलेत त्यांच्यासमोर!

मी तेव्हा पुण्याहून आलेला नवा इंजिनिअर. पॅनल मीच आखलं होतं. वर पाण्याची पातळी दाखवणारा काटा, खाली दोन दांडे शेजारी शेजारी, दोन्ही काळे, दोन्ही सारखे. एक बॉयलरमध्ये पाणी सोडणारा, दुसरा असलेलं पाणी काढून टाकणारा. मला ते फार देखणं वाटायचं. नाना म्हणाले, "साहेब, डोया काटावर ऱ्हातस. हातले कसं समजी?" मी हसलो. हो, हसलो!

मग नानांनी आपल्या सायकलच्या हँडलची रबरी मूठ काढली आणि पाणी आत सोडणाऱ्या दांड्यावर बसवली.

पुढे मालक पाहणीला यायचे होते. मी ती मूठ उपटली. सगळ्यांदेखत म्हणालो, "नाना, ही कंट्रोल रूम आहे का सायकलचं दुकान?"

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, पाणी उतरल्याचा भोंगा झाला. नानांची नजर काट्यावर. हात मूठ शोधत होता. मूठ नव्हती. हाताला आला तो दांडा त्यांनी ओढला, आणि होतं तेही पाणी गेलं. चूक कळताच नाना धावत खाली गेले, भट्टीतला विस्तव ओढून काढला. बॉयलर फुटायचा वाचला, खालची माणसं वाचली. नानांचा उजवा हात भाजला.

अहवाल कोणी लिहिला? मी. "ऑपरेटरची चूक." मुठीबद्दल एक अक्षर नाही. त्यापायी नानांची बढती गेली. प्रकाश, शाळेत पोरं तुला त्यावरून चिडवायची ना? मला माहीत होतं रे.

दवाखान्यात मी विचारलं, "नाना, मुठीचं का नाही सांगितलंत?" म्हणाले, "तुम्ही नवा शेतस, साहेब. पहिलीच नोकरी. मन्हं निभी जाई."

नाही निभलं. अक्का, त्यांच्याबरोबर संसार करताना तुम्ही पाहिलंय.

पुढे मी तो दांडा हाताला वेगळा लागेल असा बदलून घेतला. मालकांनी माझी पाठ थोपटली. नाना तिथंच उभे होते, हाताला पट्टी बांधून.

आज सकाळी मी ऑफिसात कागद दिला. नानांच्या फाइलीला जोडायला लावला. त्यात लिहिलंय, चूक ऑपरेटरची नव्हती, माझी होती. नाना असताना हे लिहायची छाती झाली नाही, याची लाज वाटते. मालकांना जे करायचं ते करू देत.

ही ती मूठ. इतकी वर्षं माझ्या खणात होती. प्रकाश, ही तुझ्या वडिलांची. घे.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कोणी काही बोलायचं नाही. नाना सांगायचे, तसंच करा.

डोया मिचा.