सहावी होडी

आई : हळू बोल, बाळ आत्ता कुठे झोपलंय. पेपर कोरा का, असं बाईंनी विचारल्यावर तू नेमकं काय म्हणालीस?

लेक : म्हटलं, उत्तर येतंय, पण लिहिणार नाही.

आई : अगं पण का? तुला भागाकार जमावा म्हणून तर मी गोष्टीत एवढा किल्ला बांधला, त्याला वेढा घातला, नदी आणली.

लेक : तुझ्या गोष्टीमुळेच तर. पेपरात तेवीस भागिले चार आलं, आणि गोष्टीतही तेवीस जण पळाले, एका होडीत चार. पाच होड्या भरल्या, बाकी तीन.

आई : बरोबर आहे की.

लेक : कसलं बरोबर? ते तीन म्हणजे आचारी, नगारेवाला आणि बोकड. मागून शत्रू येतोय. त्यांना काठावर ठेवून मी पुढचं गणित सोडवू?

आई : बोकडाला शिपायांत मोजलंस?

लेक : तूच मोजलंस. त्याला शिरस्त्राणही तूच घातलंस.

आई : बाळाला पाजता पाजता लिहिलं गं ते.

लेक : आणि सेनापतीच्या मनगटावरचं घड्याळ? चारशे वर्षांपूर्वी?

आई : घड्याळ काढते. पण उद्या बाई तोच पेपर परत घेणारेत. पुन्हा कोरा दिलास तर मागच्या गटात बसवतील. तुझी मैत्रीण पुढे, तू मागे. चालेल?

लेक : नाही चालणार. पण मग नगारेवाल्याचं काय?

आई : हे बघ राणी, बाकी लिहिली म्हणजे कुणाला टाकून दिलं असं नाही. ते तिघं राहिलेत हे आपल्या लक्षात आहे, एवढंच सांगायचं. तू लिहिलंच नाहीस, तर त्यांना आणायला जाणार कोण?

लेक : म्हणजे सहावी होडी?

आई : सहावी होडी. तिघंच, ऐसपैस.

लेक : बोकडाला आचाऱ्यापासून लांब बसव. दाढी खाईल.

आई : बसवते. मग लिहिशील ना उद्या?

लेक : लिहीन. बाकी तीन. शेजारी एक बारकीशी होडी काढीन.

आई : पुसट काढ हं.

लेक : आई, तू कितव्या होडीत?

आई : मी कुठली होडीत बसणार? मी काठावर उभी राहून सगळ्यांना मोजते.

लेक : एकटीच?

आई : कुणीतरी मोजायला हवंच की. चल, दप्तर भर, बाळ उठेल आता.

लेक : सहाव्या होडीत एक जागा आहे.