साखळीला देवीचं तेल

माझं माहेर अणदूरचं, खंडोबाचं अणदूर. आमचा खंडोबा बी वर्षातनं काही दिवस नळदुर्गाला जाऊन ऱ्हातो, म्हंजी देवाला बी एका जागी करमत न्हाय, मग मानसाला कसं करमावं, सांगा. माझे वडील सायकलवर भाजी घालून नळदुर्गाच्या बाजाराला जायचे, त्यांना पोरगा न्हाय, मग मागं क्यारेजवर कोण, तर वांग्याचं पोतं आन त्याच्यावर मी. पंक्चर झालं की म्हनायचे धर गं टायर, आन धरता धरता म्या शिकले. ट्यूबला भोक कुठं पडलंय ते बघायला पाणी लागतं म्हनत्यात, पर हायवेला पाणी कुठलं, वडील ट्यूब ओठाजवळनं फिरवायचे, गार हवा लागली की तिथंच बोट ठेवायचे. अजून बी म्या तसंच करते.

लगीन होऊन इकडं उमरग्याच्या बाजूला आले, जळकोटाच्या पुढं हायवे सोडून आत आमचं गाव. मालक चांगले व्हते, बायकोनं सायकल चालवली तर हसनारे न्हवते. दर साली ज्योत आनायला ते म्होरं असायचे. ज्योत म्हंजी घट बसायच्या आदल्या दिवशी तुळजापुरात आईच्या दारात दिवा पेटवून घ्यायचा आन गावापस्तोर पळत आनायचा, त्याच ज्योतीनं गावच्या देवळातला घटाचा दिवा लागतो. आमच्याकडची रीत कडक हाय बघा, ज्योत भुईला टेकवायची न्हाय, वाटंत थांबवून हुबी करायची न्हाय, मागं फिरवायची न्हाय. मालक गेले काविळीनं, सात वर्सं झाली. तवापास्नं घटाच्या वेळी म्या देवळाच्या बाहेरनंच हात जोडायची. कुणी जा म्हनत न्हाय, पर कुणी ये बी म्हनत न्हाय, काय सांगू तुम्हाला, ते जा म्हनन्यापेक्षा वाईट असतंय.

गेल्या साली आमच्या बचत गटाच्या बायकांनी ठरवलं, औंदा ज्योत आपुन आनायची. पोरं टेंपोत गानी लावून आनत्यात, ती काय ज्योत झाली व्हय. पर एवढं पळणार कोण, कुनाचे गुडघे, कुनाचं बीपी. मग माझी धाकटी जाऊ सुमन म्हनली, सायकल पायानंच चालती की, इंजनावर थोडीच चालती. गुरवाला इचारलं, त्यानं डोकं खाजवलं आन म्हनला पायाचं बळ लागतंय तर चालतंय. आता डबलशीट सायकल मारनारी गावात मी एकटीच. तर असं ठरलं, सायकल म्या मारायची, मागं सुमननं ज्योत धरून बसायचं, ती सवाशीण हाय. आन म्या ज्योतीला हात लावायचा न्हाय. तसं कुणी तोंडानं बोललं न्हाय बरं का, नुसतं सगळ्यांनी माझ्या कपाळाकडं बघितलं. म्या म्हनलं चालतंय, आईच्या वाटंला तर जायला मिळंल. खरं सांगू का, घरी येऊन लई रडले.

तेलाचा पत्र्याचा डबा एका अंगानं कापून त्यात दिवा बसवला, वारं लागू न्हाय म्हनून. टमटममधी सायकल घालून तुळजापूरला गेलो, आन उजाडायला ज्योत घेऊन निघालो. सुमन मागनं सारखी, आक्का हळू, आक्का खड्डा, आक्का ट्रक आला. म्या म्हनलं बये, तू ज्योत सांभाळ, ट्रक मी बघते. नळदुर्गाच्या अलीकडं पंक्चर झालं. आता ज्योत तर थांबवायची न्हाय, मग सुमन ज्योत घेऊन चालत म्होरं निघाली आन म्या बाभळीखाली बसून ट्यूब काढली, ओठाला लावली, घासली, सोलुशन लावलं, ठिगळ मारलं, पंपानं हवा भरली आन मागनं गाठलं तिला. पुन्यांदा साखळी पडली, तिथं बी तसंच, ती म्होरं, म्या मागं.

मग साखळी वाजाया लागली. कोरडी पडलेली, कर्र कर्र कर्र. सुमन म्हनली, आक्का, दिव्यासाठी आनलेलं तेल हाय की बाटलीत, घाला थोडं. आता गोडं तेल साखळीला घालत न्हाईत, धुरळा धरतंय, हे मला ठावं व्हतं. पर ती म्हनली देवीचं तेल हाय, बरकतच हुईल, आन देवीच्या तेलाला न्हाय कसं म्हनावं? घातलं. घटकाभर सायकल अशी पळाली म्हनता, लोण्यातनं सुरी. पुढं हायवेचं काम चाललेलं, मुरमाचा धुरळा, तो सगळा त्या तेलात बसला, साखळीचा पार चिखल झाला. जळकोट मागं पडलं आन चढाला म्या जोर लावला तशी साखळी काडकन तुटली, आन दोघी आडव्या.

म्या उठून बघते तर सुमन गुडघ्यावर पडलेली, रगत निघालेलं, आन हात वर. डबा वर धरलेला, दिवा जळतुया. पडताना मानूस हात टेकतंय की न्हाय? तिनं गुडघा टेकला. आवं, त्या पोरीचा मला एवढा कळवळा आला. ती म्हनली, आक्का, मला उठवत न्हाय, धरा. म्या म्हनलं मी कशी धरू. ती वरडली, आक्का, ज्योत हुबी ऱ्हायलीय, धरा म्हनते ना! माझे हात साखळीनं काळे झालेले, पदराला पुसले, आन धरली.

म्या त्या डब्याकडं बघितलं न्हाय बराच वेळ, नुसती चालत सुटले. मनात एकच, इझली तर म्हनतील रांडमुंड बाईनं हात लावला म्हनून इझली, आन पुन्हा गावातली कुठलीच बाई या वाटंला यायची न्हाय. सुमननं फोन केला तसा माझा दीर मोटरसायकल घेऊन आला. मला वाटंत गाठलं, माझ्या हातातली ज्योत बघितली, माझ्याकडं बघितलं. म्या म्हनलं आता बोलतोय हा. तर हळूच म्हनला, वैनी, चपला तेवढ्या काढा. चपला त्यानं डिक्कीत घातल्या आन सुमनला आनायला गेला.

दिवेलागणीला येशीत पोचले. सगळं गाव हुबं. सुमन माझ्या आधी आलेली, पट्टी बांधून येशीच्या दारात हुबी व्हती, म्या लांबनं बघितली की हुबी व्हती! कुणी तरी म्हनलं, सुमन, हितनं तू घे, देवळात तू ने. तशी ती मटकन खाली बसली, म्हनली, माझा पाय मोडलाय, माझ्यानं काय व्हत न्हाय. मग काय करतील. गुरविणीनं माझ्या पायावर पाणी घातलं. तिचं कुंकवाचं बोट वर आलं आन तिथनंच मागं गेलं. दुखलं मला, कशाला लपवू. पर तशीच आत गेले, आन घटाचा दिवा माझ्या हातानं लागला.

गुरविणीचा बी राग न्हाय मला, पिढ्यांची सवय हाय, एका सांजंत कशी जाईल. आई तिचं कुंकू अखंड ठेवो. आता नवी साखळी टाकलीय, आन रोज सकाळी शाळंच्या मैदानात सुमनला सायकल शिकवते. चाळीस वर्साची बाई, दिवसाला दोनदा पडती, उठून मलाच शिव्या देती. गावात अजून कुणी व्हय म्हनलं न्हाय, न्हाय बी म्हनलं न्हाय. पर औंदा सायकल ती मारनार हाय, आन मागं म्या बसनार.