रैनूभाऊची पहाडाची फेरी बंद होणार नाई

मंडळी, बसून घ्या जी. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, इथी सतरंजीवर जागा आहे. पंखा एकच चालते, त्याले इलाज नाई. एटापल्लीहून लोक आले, पहाडातल्या गावांतून आले, मे महिन्याच्या या उन्हात आले. रैनूभाऊसाठी आले. तुमाले सगळ्यांले माझा नमस्कार.

मी मंदा. इथल्या, सावली गावच्या अंगणवाडीत बाई आहे. दिवसभर लेकरांसंगं बोलते, घरी गेल्यावर नवऱ्यासंगं बोलते. माझं तोंड बंद कराले देव उतरावा लागेल, असं तो म्हणते. अन् आज पाहा, बोलाले कागद लागला. चार ओळी लिहून आणल्या होत्या. 'मितभाषी, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व.' रैनूभाऊ अन् मितभाषी? बाप्पा! चढावर आमाले श्वास पुरत नव्हता अन् या माणसाची गोष्ट सुरूच राहे. तो कागद मी आत्ताच फाडला.

आमचे मुख्याध्यापक सर बोलून बसले. सर आमच्यासोबतच सायकल चालवतात, वयानं मोठे आहेत, मी त्यांचा मान ठेवते. सर म्हणाले, पहाडाची फेरी आजपासून बंद करू, हीच रैनूभाऊले खरी श्रद्धांजली. तुमी माना हलवल्या. कोणी कोणी हलवल्या ते मी पाह्यलं. सर, माझी हरकत आहे. शोकसभेत हरकत घ्यावी का? घेऊ नाई. तरी घेते.

ज्यांले माहीत नाई त्यांले सांगते, फेरी म्हणजे काय. रैनूभाऊ पोस्टमन. जन्म एटापल्लीकडच्या पहाडातला, माडिया घरातला. अर्धी नोकरी त्या पहाडात सायकलनं टपाल वाटण्यात गेली, मंग बदली होऊन सावलीले आले, इथीच रिटायर झाले. रिटायर झालेला माणूस खाटेवर बसते. यांनी आपले जुने टपालाचे रस्ते काढले अन् आमाले म्हटलं, चला, दाखवतो. महिन्यातला एक रविवार. शनिवारी पिकअपमंदी सायकली टाकून एटापल्ली गाठाची, अन् रविवारी उजाडलं की घाट.

आमी धानाच्या बांधीतले लोक जी! सावलीत चढ म्हणजे नहराचा पूल. तेवढा चढला तरी आमी उतरून पाणी पितो. अशा लोकांले या माणसानं घाटावर नेलं.

त्यांच्या रस्त्यात किलोमीटर नव्हते. ते सांगत, तीन हापशा, दोन नाले, मंग रजिस्ट्रीचा चढ. रजिस्ट्रीचा काऊन, भाऊ? 'सही केल्याबिगर सुटका नाई, मंदाबाई. वरतं गेल्यावर झाडाले हात टेकावाच लागते.' दुसरा होता तारेचा चढ. घरी तार आल्यावानी, समोर आला की छातीत धडकीच भरे. कोणत्या वळणावरचं कुत्रं चावते अन् कोणतं नुसतं भुंकते, हेही त्यांले पाठ होतं.

मी पहिल्यांदा गेली तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होती. आमच्या आळीत काय काय बोलले लोक! या वयात बाईले हे थेर काऊन सुचले म्हणे. मी रैनूभाऊले म्हटलं, भाऊ, मी नाई येत, लोक हसून राह्यले. ते म्हणाले, 'हसू दे ना बाई. हसणारे खाल्तं राहतात. वरतं त्यांचा आवाज येत नाई.' झालं. त्या दिवसापासून मी सायकल सोडली नाई.

अन् फेरीचा नियम एकच होता. जो पहिला वरतं पोचला, त्यानं दम खाल्ला की परत खाल्तं जाचं, शेवटच्याले घेऊन याचं. सरांले हा नियम पटत नव्हता. सर म्हणत, चढलेला चढ कोण उतरते? रैनूभाऊ म्हणाले, 'आमच्या पहाडात मोहफुलं वेचून माणसं येतात ना सर, तर जो पहिला गावाशी पोचते तो आपलं वझं ठेवते अन् मागं जाते. शेवटच्याचं वझं घ्याले. नाई गेला तर त्याची माय त्याले जेवाले वाढत नाई.' सरही उतरू लागले. खरं का नाई, सर?

भाऊ गेले त्या रविवारी शेवटची मी होती. हे तुमाले सगळ्यांले ठाऊक आहे. माझी चेन उतरली होती, असं मी तुमाले सांगितलं.

चेन उतरली नव्हती.

ऐका. मधात बोलू नका, नाई तर माझ्यानं होणार नाई. ट्रकचं जे मी पोलिसांले सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं आहे. चेनचं खोटं होतं. रस्त्याच्या कडेले टेंभराचं, तेंदूपत्त्याचं झाड होतं. खाली पिकलेली टेंभरं पडलेली, पिवळीजर्द. मी सायकल टेकवली अन् बसली खात. खाल्ली अन् ओढणीतही बांधली. वरतं सगळे वाट पाहून राह्यले अन् मी इथी बिया थुकून राह्यली! टेंभरं दिसली अन् झाडीपट्टीतली बाई न थांबता पुढं गेली, असं कधी झालं का? नाई झालं. अन् म्हणून रैनूभाऊ, त्या दिवशी पहिले पोचलेले, खाल्तं आले.

वळणावरून मले दिसले. आपल्या बाजूनं, डाव्या कडेनं, दोन्ही ब्रेक धरून. मले पाहून ओरडले, 'मंदाबाई, सगळी नका खाऊ, मले ठेवा!' तेवढ्यात माझ्या समोरून तो ट्रक वरतं गेला. भरलेला. त्यानं वळण कापलं अन् उलट्या बाजूले घुसला. त्यांच्या बाजूले.

सोमीबाई, तुमच्या घरच्या माणसाले खाल्तं यायला लावणारी मी आहे. पंधरा दिवस मी तुमच्या घरी येऊन चहा करत राह्यली अन् हे सांगितलं नाई. चेन उतरली म्हटलं की लोक म्हणत, बिचारी मंदा. टेंभरं खात होती म्हटलं असतं तर काय म्हणाले असते? आता म्हणा. माझ्या तोंडावर म्हणा. मी इथी उभी आहे, कुठी पळून नाई जात.

पण एक गोष्ट मी ऐकून घेणार नाई. बाहेर चपला काढताना लोक म्हणून राह्यले, काऊन गेला म्हातारा परत खाल्तं? वरतं बसला असता तर जगला असता. अरे, म्हणजे चूक त्याचीच? मेलेल्या माणसाची? टेंभरं खात बसली ही माझी चूक, ती मी जन्मभर भोगीन. पण टेंभरं खाण्यानं कोणी मरत नाई. मागं राह्यलेल्याले आणाले गेल्यानं कोणी मरत नाई. उलट्या बाजूनं आलेल्या ट्रकनं मरते! तो ट्रक काई त्याच्या फेऱ्या बंद करून नाई राह्यला, सर. तो आजही गेला असेल. मंग रस्ता सोडाचा कोणी? आमी? ज्या रस्त्यानं या माणसानं लोकांची पत्रं नेली, पोरींच्या लग्नाच्या पत्रिका नेल्या, त्या रस्त्यावर त्याच्याच माणसांनी पाय ठेवाचा नाई? वा रे न्याय!

मी बांधकाम खात्यात अर्ज घेऊन गेली होती. त्या वळणावर गतिरोधक पायजे, आरसा पायजे, बोर्ड पायजे. साहेबांनी अर्ज वाचला अन् मले विचारलं, 'बाई, तिकडं सायकल चालवते तरी कोण?' मी म्हटलं, आमी चालवतो. आता फेरी बंद केली तर पुढच्या वेळी मी काय सांगू? आमी चालवत होतो? मंग तो अर्ज कशाले ठेवतील, चण्याच्या पुड्या बांधाले?

अन् सुनीताचं बोलते. रैनूभाऊची पोरगी. चंद्रपूरले शिकते, अन् फेरीले आली की आमच्यात सगळ्यांत पहिली घाट तीच चढते; त्या रविवारी तिची परीक्षा होती. तिचे मामा हे समोर बसले. मामा, जोहार. तुमी काल म्हणाले, पोरीची सायकल मी घेऊन जातो, कोणाले तरी देऊन टाकतो, यापुढं ती बसणार नाई. तुमच्यात मामाचा शब्द मोठा असते, मले ठाऊक आहे. तुमच्या जिवाले भेव बसलं, तेही बरोबर आहे. गावी तुमी भाऊच्या नावाचा दगड उभा कराल, तुमची रीत आहे. आमी सगळे येऊ, हात लावू. पण दगड उभा करा जी. पोरीच्या वाटेत आडवा नका टाकू.

मामा मान हलवून राह्यले. नाई म्हणतात. ठीक आहे.

सोमीबाई, मंग तुमीच सांगा. सरांचं मी ऐकणार नाई, मामांचंही नाई. पण तुमी नाई म्हटलं तर मी आत्ता खाली बसते. फेरी बंद, सुनीताची सायकल मामांच्या घरी, अन् माझी मी विकून टाकीन. तुमचा माणूस गेला. बोलाचा हक्क तुमचा आहे.

माईक द्या रे त्यांच्याकडं. नको? बसूनच बोला, बाई. सावकाश बोला.

मागं ऐकू गेलं नसेल, मी सांगते. थांबा जरा. पाणी द्या मले.

बाई म्हणतात, 'दवाखान्यात तुमच्या ओढणीत टेंभरं बांधली होती, ते मी पाह्यलं होतं. मी काई बोलली का?' अन् म्हणतात, 'पोरगी जाईल. पण वरतं पोचली की तिथंच नको बसू म्हणा तिले. शेवटच्यासाठी परत ये म्हणा.'

मामा, ऐकलं ना जी?

आता उभे राहा, मंडळी. म्हाताऱ्यांनी बसूनच राहावं. मोबाईल बंद करा. दोन मिनिटं कोणी काई बोलणार नाई, मीही नाई. रडाचं असेल त्यानं रडून घ्यावं. त्यानंतर जूनचा पहिला रविवार, एटापल्ली, उजाडता उजाडता. ज्याले भेव वाटते त्यानं भेतभेत यावं. मीही भेतभेतच येणार आहे.

रैनूभाऊ, सेवा जोहार.