भाताच्या पोत्यातला कॅमेरा

…आन् वर मलाच इचारत्यात, "कोंडिबा, कॅमेरा कुणी भाताच्या पोत्यात घालतं व्हय?" न्हाई घालत बाबा, कबूल! पर म्या घातला तवा मी एकटाच शाणा व्हतो, आन् आता समदा गाव शाणा झालाय, त्याला मी काय करू?

तुमाला सांगतो, कॅमेरा म्हंजे काय कॅमेरा व्हता तो! साबणाच्या वडीएवढा. चंदेरी. बटण दाबलं की कासवावाणी मुंडी बाहेर काढायचा, झूंऽऽ करून. आमची लेक माया पुण्यात नोकरीला लागली तवा तिनं आणलेला. आता तिची पोरं कालिजात जायला आली, म्हंजे बघा! आजचे ह्ये मोबाईल… पलंगावरनं गोधडीवर पडला तरी काचंवर कोळ्याचं जाळं. आमचा गडी? विंझरला येस्टीच्या पायरीवरनं निसटला, आन् त्याच्यावर पाय कुणाचा? माझाच! पडला, उचलला, धोतराला पुसला… चालू!

एकदा लावणीच्या दिसात बायका वाकून भात लावत व्हत्या. म्हणलं, पाठमोऱ्या वळीचा एक फोटू काढावा आन् मग एकेकीला दावून इचारावं, वळख बरं तुजी कुठली! तर हसता हसता माझाच पाय घसरला. मी चिखलात, कॅमेरा माझ्याखाली. दोन दिस त्याची नळी बाहेर येताना जात्यावाणी कर्रर्र वाजायची. पर चालू! पुढं म्हशीच्या गव्हाणीत पडला. म्हशीनं खरबरीत जिभंनं असा चाटला, असा चाटला, की काच पयल्यापेक्षा लख्ख! तिच्या घशाचा फोटू बी निघाला, तिनं सोताच काढलेला. सेलाचं झाकण कधीच मोडलं व्हतं, त्याला सगुणाच्या केसाचं रबर. पडला, उचलला, पुसला… चालू!

सगुणा म्हंजे आमची मालकीण. आन् ह्या कॅमेऱ्यात एक फोटू व्हता, तिच्या आईचा. माझी सासू, उत्रोलीची अंबूबाई. मी त्यांना मामी म्हणायचो. मामींचा जगाच्या पाठीवर तेवढा एकच फोटू, बरं का. कारण काय? तर, "फोटू काढला की आयुष्य घटतं!" लग्नाबिग्नात फोटूवाला दिसला की मामी चुलीपाशी. आन् तोंड? आवो, काय तोंड! मला तोंडावर म्हणायच्या, "जावई म्हणून पाय धुतलं, न्हाईतर पायच मोडलं असतं!" त्यात माजी काय चूक न्हवती. न्हाई म्हणायला, एकदा त्यांच्या तपकिरीच्या डबीत मिरपूड घातली व्हती. एकदाच. दोनदा.

तर कॅमेरा नवा व्हता तवा मी उत्रोलीला गेलो आन् म्हणलं, "मामी, ह्ये दात मोजायचं यंत्र हाय. सरकारनं दिलंय." म्हातारी आमटी ढवळत व्हती. म्हणली, "हाय का बघ बाबा एक तरी!" आन् आऽऽ केला. मी बटण दाबलं, चकाक् करून उजेड पडला, तशी मामीची पळी वर! तोंड तसंच उघडं, त्यातनं पयली शिवी निम्मी बाहेर आलेली, आन् मी त्याच टायमाला दुसरा फोटू मारला. पयल्यात नुसती आमटीची वाफ आली, पर दुसरा… त्यो फोटू! आयुष्य घटतं म्हणणारी म्हातारी त्याच्यानंतर पंधरा वर्सं जगली आन् पंधराही वर्सं मला त्याच्यावरनं बोलली.

आता मामी गेल्या त्याला पाच वर्सं झाली. मेव्हणा कुमार दर सालाला पितरांत आईचा म्हाळ घालतो, आन् फोटू न्हाई म्हणून पाटावर नुसता नारळ. पाच वर्सं नारळाला हार! सगुणा हितं घरी कॅमेरा चालू करायची, त्या एवढ्याशा काचंत आईला बघायची, आन् बंद करून फडताळात ठेवायची. औंदा मात्र बोलली, "अवो, समदे फोटू काढता गावाचे. येवढा आईचा एक भोरला जाऊन मोठा करून आणा की. कुमारला म्या सांगितलंय, औंदा नारळ न्हाई ठेवायचा."

म्हणलं, आणतो. आन् निघालो बी! पर वाटंत साकव हाय, खाली वढा. वढ्यात आमचा भाताच्या गिरणीवाला कुंडलिक, म्हशीला घासता घासता तिच्याच पाठीवर डोकं टेकून झोपलेला! आता तुमीच सांगा, असा फोटू सोडायचा? जल्मभर म्या काय सोडलंय? वाकलो… दोरी तुटली… बुडुक!

पडला, उचलला, पुसला… मुंडी बाहेर येईना.

कुंडलिक जागा झाला. म्हणला, "आरं, पाण्यात पडल्यालं यंत्र तांदळात ठेवत्यात. तांदूळ पाणी वढून घेतो." आता तांदूळ आमच्यात सैपाकघरात, डब्यात, सगुणाच्या नाकासमोर. तिला काय सांगू? तुजी आई वढ्यात पडली? मग म्या डोकं चालवलं. चौथीपातुर शिकलोय, उगाच न्हाई! म्हणलं, तांदूळ म्हंजे काय? सोललेलं भात. सोललेलं जर येवढं पाणी वढतंय, तर सालासकट किती वढंल? माळ्यावर इंद्रायणीच्या भाताचं पोतं व्हतं. कोपरापातुर हात घातला आन् कॅमेरा पार मधी ठेवून दिला. सगुणाला सांगितलं, "फोटूवाला म्हणला तीन दिस लागतील." तिनं गुळाचा खडा ठेवला की हो हातावर.

तीन दिसांनी वर जाऊन बघतो, तर पोतं न्हाई!

"सगुणा, पोतं कुठाय गं?"

"टेम्पोत घातलं सकाळी. कुंडलिकभाऊजीकडं. म्हाळाला म्हायेरी नवा भरडल्याला तांदूळ न्यायचाय, म्हणलं."

आवो, मी पळालो! ह्या गुडघ्यांनी पळालो! वाटंत लोक म्हणत्यात, "आज कुणाची शेपटी वढली, कोंडिबा?" गिरणीच्या दारात पाय ठेवला आन् आतनं आवाज आला, घर्रर्र… खाड्! खाड्! खर्रर्रर्र… आन् मग सामसूम. कुंडलिकनं पट्टा थांबवला, वाकून बघितलं आन् म्हणला, "कोंडिबा, तुज्या भातात खडा लई मोठा रं."

एकीकडं तूस, एकीकडं तांदूळ, आन् मधी आमचा गडी. भाताबरुबर त्याचंबी टरफल काढलेलं! नळी चपाती. काच कण्या. आतली हिरवी पट्टी बाहेर आलेली, आन् तिच्या खाचंत ते नखाएवढं कार्ड, तिरकं झालेलं. पडला, उचलला… पुसू काय, डोंबल?

घरी आलो. मी जल्मात कधी खरं बोलायला भ्यालो न्हाई, कारण बोलायची येळच येऊ दिली न्हाई. त्या दिशी बोललो. वढा, पोतं, गिरणी, समदं. वाटलं, आईची लेक हाय, आता पळी निघंल. निघाली असती तर बरं झालं असतं हो! सगुणानं नुसतं सूप वढलं, तांदूळ पाखडायला बसली आन् एकेक काच येचून वाटीत टाकाया लागली. टिंग… टिंग… मी उंबऱ्यात बसलो. म्हणलं, "बोल की काय तरी." तर म्हणली, "तुमी हसत असतासा म्हणून समदे हसत्यात. पर माज्या आईचं येवढंच उरलं व्हतं."

दुसऱ्या दिशी पयली येस्टी धरली, ते कार्ड पानाच्या चंचीत घालून. भोरला आनंदराव फोटूवाल्याला म्हणलं, "सायेब, कायबी करा." त्यानं ते कार्ड चिमट्यानं सरळ केलं, पुसलं, कशात तरी खुपसलं. म्हणला, "आजोबा, कॅमेरा मेला, कार्डात थोडी धुगधुगी हाय." म्हशीचा घसा आला. झोपलेले सरपंच आले. आन् मग वरनं खाली, हळूहळू, पडदा सरकावा तशी मामी आली. पयली पळी आली. मग कपाळ, कुकू. मग डोळे. आन् थांबली. नाकाच्या शेंड्याखाली समदं राखाडी! आनंदराव म्हणला, "एवढंच उरलंय." जे तोंड सासऱ्यानं, दिरांनी, सरपंचानं, कुणी कुणी मिटवलं न्हाई, ते कुंडलिकच्या गिरणीनं मिटवलं!

सगुणानं तो चौकटीतला फोटू लई येळ बघितला. पदरानं काच पुसली. म्हणली, "डोळं आलं की."

म्हाळाच्या दिशी उत्रोलीला कुमारनं पाटावर फोटू मांडला. सगुणानं झेंडूचा हार असा बेतानं घातला, की राखाडी समदं झाकलं. वर मामींचे डोळे आन् पळी. भावकी जमली. जो येतो तो हात जोडतो आन् म्हणतो, "वा! म्हातारी काय शांत दिसतीया! आन् हातात पळी बघा, जनू वाढायला निघालीया. साक्षात अन्नपूर्णा!"

मी सगुणाकडं बघितलं. सगुणानं माझ्याकडं बघितलं. पदर तोंडाला लावला तिनं, आन् तिचे खांदे हलाया लागले. त्या सुपाच्या दिसानंतर पयल्यांदा हसली. समदे अन्नपूर्णेच्या पाया पडले. म्याबी पडलो…

पळीच्या टप्प्याबाहेरनं.