हरभऱ्याच्या तारेतला झटका

या मायबाप, जरा जवळ सरका. कीर्तनाला निघालो होतो, तेव्हा पोंभुर्ण्याहून चंद्रपूरला जाणाऱ्या बसमध्ये ऐकलं ते सांगतो. पुढच्या बाकावर चेतना नावाची पोरगी आणि तिचा मामा. ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, घ्यायला चालले होते.

"मामा, पहिलाच स्कोप हाय. हातातला लहान घेऊ का टेबलावरचा मोठा?"

"तुले पाहाचं काय हाय? सिरियल तं दिसत नाई त्याच्यात."

"मी बनवलेलं झटका मशीन. कुंपणाच्या तारेत झटका येऊन लगेच थांबते का, ते पाहाचं हाय."

"अन् नाई थांबला तं?"

"तं तार धरणारा सुटत नाई."

"बॅटरीवर चालते ना?"

"घरच्या लाइनवर. बॅटरी खराब झाली."

"अवं पोरी! तारेले जोडलं तं नाई?"

"नाई, घरी टेबलावर ठेवलं. सकाळी आई म्हणे, हरभऱ्यात माकडं आले, लावते तुयं मशीन."

"तू काय म्हणाली?"

"मले वाटलं, मजाक करून राह्यली."

"फोन लाव! तुया आईले, अनसूयाले म्हण, बटन दाबू नको, तारेजवळ जाऊ नको."

"रिंग जाऊन राह्यली, मामा. उचलत नाई."

"पुन्हा लाव."

"ते तं लगेच उचलते, मामा..."

"लाव म्हणतो ना!"

"रेंज गेली."

बस जंगलात शिरली होती. दोघांनी ती थांबवली आणि आल्या वाटेनं पळत सुटले. पुढं काय झालं ते मला कळलं नाही. मायबाप, आज हरिनाम घ्याल तेव्हा त्या अनसूयाबाईची आठवण ठेवा.