देवडीतली गोदू

(रायपूरच्या चौबे कॉलोनीतलं घर. पूर्णिमाचा फोन स्पीकरवर. पलीकडे मुंबईहून अभिनव, तिच्या बाबांची जुनी टीव्ही मालिका ‘देवडी’ नव्याने काढणारा. मीराबाई फरशी पुसते आहे.)

पूर्णिमा : नाही अभिनव, ‘देवडी’चा शेवट नका बदलू. वाड्यातले सरकार म्हणतात, उद्यापासून येऊ नको. चाळीस वर्षं राबलेली गोदू फक्त ‘हव’ म्हणते. संपलं. त्या एका शब्दासाठी बाबांनी छत्तीस भाग लिहिले.

अभिनव : दीदी, मी पण रायपूरचाच, समता कॉलोनीतला. पण वो ज़माना और था. आज नोकरानी चुपचाप निघून गेली तर लोक आम्हालाच शिव्या देतील. म्हणून तिला भाषण दिलंय. चार मिनिटांचं. एकदम दमदार!

पूर्णिमा : सगळ्या भागांत मिळून चार मिनिटं बोलली नाही हो ती.

अभिनव : करारावर बाबूजींची सही आहे ना, दीदी. ‘कथेत आवश्यक ते बदल.’ पान तीन. सोमवारपासून शूटिंग आहे. ठेवू?

पूर्णिमा : ठेवा.

मीराबाई : पाय उचला, दीदी. ‘हव’ तर माह्या तोंडचा होता. बाबूजीनं उचलला अन् टीव्हीत टाकला. मले विचारलं तरी काय?

पूर्णिमा : गोदूच्या जागी तू असती, तर दिलं असतं भाषण?

मीराबाई : मी काहून देईन? काढूनच राहिले, तर कोणाले ऐकवू?

पूर्णिमा : पण मग हव, म्हणजे हो, काहून म्हणायचं?

मीराबाई : हो कुठं म्हटलं? इतकी वर्षं रायपुरात राहून तुमाले हवसुद्धा नाही समजला! हव म्हणजे, आता तुमच्याशी काय बोलू. बाबूजीले बरोबर समजलं होतं. मंग त्यांनीच कशी सही केली?

पूर्णिमा : दवाखान्यात. जायच्या दोन दिवस आधी. चष्मा घरी राहिला होता. म्हणाले, वाचून दाखव. मले वाटलं, मालिका पुन्हा येते, खूश होतील. म्हटलं, वाचायचं काय त्यात, काही बदलत नाहीत, करा सही. मीही वाचलं नव्हतं, मीराबाई. पेन मीच हातात दिला.

मीराबाई : अन् त्यांनी केली?

पूर्णिमा : आधी पाहिलं माझ्याकडे.

मीराबाई : काहीच नाही म्हटलं?

पूर्णिमा : म्हटलं ना. हव.