बिनकापडाचा गूळ

नॉनस्टिकचं कौतुक माझ्यापुढं करू नका राव, मामानं माझी सगळी हौस फेडलीय. मी कामाला तव्यांना कोटिंग मारायच्या कारखान्यात, आणि मामाचं हातकणंगल्याकडं गुऱ्हाळ. गरम गूळ साच्याला चिकटू नये म्हणून तिथं आत ओलं कापड अंथरतात. मी म्हटलं, "मामा, फेक ते कापड. साच्यांना कोटिंग मारून देतो."

दिलं मारून. साचा पालथा घातला की ढेप आरशासारखी गुळगुळीत बाहेर! मी हवेतच.

बाजारात व्यापाऱ्यानं ढेपेवरनं हात फिरवला. "पावणं, कुठल्या कारखान्यातला ह्यो?"

मामा भडकला. "आमच्याच गुऱ्हाळातला हाय की!"

"मग अंगावर कापडाची नक्षी कुठं हाय? गिऱ्हाईक हात लावायचं न्हाय ह्याला."

सगळा माल टेम्पोतनं परत आला. आठवड्यानं मी तोंड लपवत गुऱ्हाळावर गेलो, तर मामा माझ्या कोटिंगच्या साच्यात कापड अंथरत बसलेला.

"मामा, कोटिंग वाया गेलं की."

"कोण म्हणतंय? आधी कापड साच्याला चिकटून बसायचं. आता बघ, कसं पटदिशी सुटतंय!"